किल्ल्यांचे कागदही किल्ल्यांवर दिसू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तेव्हापासून आपल्या अंकात किल्ल्यांविषयी पत्रे येत आहेत. रस्ता हवा, वाहनतळ हवा, स्वच्छतागृहे हवीत, रोपवे हवा की नको, प्लास्टिकचे काय करायचे. सगळेच विषय जिव्हाळ्याचे आहेत. पण घाम गाळून गडावर पोहोचलेल्या माणसाला तिथे काय सांगायचे आणि कशाच्या आधारावर सांगायचे, यावर मला फारसे काही वाचायला मिळाले नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबले आहे, पण विषय थोडक्यात उरकण्यासारखा नाही.

मी महसूल खात्यात अभिलेखपाल होतो. नोकरीची बहुतेक वर्षे तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. कडईपत्रके, जुने फेरफार, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, लाल कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, म्हणजे रुमाल. जुन्या नोंदींपैकी पुष्कळ मोडीत होत्या. मोडी मी तिथेच, एका वयस्क सहकाऱ्याच्या शेजारी बसून शिकलो. मुलगी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये केंट परगण्यात राहते. तिच्याकडे गेलो असता रॉचेस्टरचा नॉर्मन किल्ला पाहिला. त्याची तटबंदी तर भव्य आहेच, पण त्या किल्ल्याचे दप्तर इतके शाबूत आहे की भूसंपादनापासून दुरुस्तीपर्यंतची सगळी फाइल डोळ्यांसमोर उभी राहते. माझ्यासारख्या माणसाला याहून मोठा आनंद नाही.

रॉचेस्टर हे लंडनच्या आग्नेयेला, मेडवे नदीच्या काठचे लहानसे शहर आहे. लंडनहून डोव्हर बंदराकडे, म्हणजे फ्रान्सच्या दिशेने जाणारा रोमन काळातला रस्ता इथे पुलावरून नदी ओलांडतो. पूल ज्याच्या ताब्यात, रस्ता त्याच्या ताब्यात; किल्ला इथे असण्याचे कारण एवढेच. सह्याद्रीतले गड मनात धरून गेलेल्याला चढ कुठेच लागत नाही. भर गावात, कॅथेड्रलच्या समोर हिरवळ आणि हिरवळीच्या मधोमध तो प्रचंड चौकोनी बुरूज. आपल्या भाषेत बालेकिल्लाच. बाजू सुमारे ७० फूट, कठड्यापर्यंतची उंची ११३ फूट, त्यावर कोपऱ्यांचे मनोरे आणखी बाराएक फूट. पायाशी भिंतीची जाडी १२ फूट. इंग्लंडमधला हा सर्वांत उंच नॉर्मन बालेकिल्ला.

नॉर्मन म्हणजे उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीचे लोक. त्यांचा सरदार विल्यम याने १०६६ साली हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंडचे राज्य घेतले. परक्या मुलखात मूठभर लोकांनी राज्य करायचे तर आधी किल्ला हवा, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पहिले किल्ले माती आणि लाकडाचे होते, दगड मागाहून आला.

आता फाइल उघडतो. विल्यमने १०८६ साली साऱ्या राज्याची जमीनपाहणी करवली. डूम्सडे बुक म्हणतात ते हेच दप्तर. त्यात एलस्फर्ड गावच्या नोंदीखाली एक ओळ आहे. रॉचेस्टरच्या बिशपकडे तिथे १७ शिलिंग ४ पेन्स किमतीची जमीन आहे आणि ती त्याला किल्ला जिच्यावर उभा आहे त्या जमिनीच्या बदल्यात मिळाली आहे. म्हणजे किल्ल्यासाठी देवस्थानाची जमीन घेतली आणि मोबदल्यात दुसरीकडे जमीन दिली. जिंकलेला राजा, पण नोंद घातल्याशिवाय पुढे गेला नाही. मी ही ओळ छापील प्रतीत पाहिली तेव्हा आमच्या कचेरीतल्या धरणग्रस्तांच्या फायली आठवल्या.

दुसरा कागद बांधकामाचा. विल्यमचा सावत्र भाऊ ओडो हा बेयूचा बिशपही होता आणि केंटचा जहागीरदारही. विल्यम वारल्यावर १०८८ साली त्याने नव्या राजाविरुद्ध बंड केले आणि तो रॉचेस्टरला अडकून पडला. वेढ्यात आत उष्मा, माशा आणि रोगराई यांनी लोक जेरीस आले. शरण येताना ओडोने एक विनंती केली की आम्ही बाहेर पडताना कर्णे तरी वाजवू नका. तीही मान्य झाली नाही, असे त्या काळच्या एका मठवासी बखरकाराने लिहून ठेवले आहे. याच सुमारास दगडी तट उभा राहिला. तो बांधला गंडल्फ नावाच्या बिशपने. हा माणूस गवंडीकामात तरबेज होता. टॉवर ऑफ लंडनच्या व्हाइट टॉवरवरही त्याचीच देखरेख होती. एका गावाचा हक्क कायम करून देण्यासाठी राजा पैसे मागत होता. त्यावर तोड अशी निघाली की पैसे नकोत, बिशपने स्वखर्चाने राजाला दगडी किल्ला बांधून द्यावा. अंदाज होता ४० पौंडांचा, प्रत्यक्षात लागले ६० पौंड. हे सगळे रॉचेस्टर कॅथेड्रलमध्ये ११२० च्या दशकात लिहिलेल्या ‘टेक्स्टस रॉफेन्सिस’ या हस्तलिखितात नमूद आहे. हे हस्तलिखित अठराव्या शतकात नावेतून नेताना नदीत पडले होते. बाहेर काढले, वाळवले, आजही त्याच्या पानांवर पाण्याचे डाग आहेत. आणि आज ती डागाळलेली पाने जगातल्या कोणालाही इंटरनेटवर पाहता येतात. गंडल्फच्या तटाचा काही भाग नदीच्या बाजूला अजून उभा आहे. तट पाहायचा आणि त्याचा अंदाज किती, खर्च किती हेही वाचायचे, असा योग माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच आला.

मधला बालेकिल्ला त्यानंतरचा. पहिल्या हेन्री राजाने ११२७ साली किल्ला कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम द कॉर्बेय यांच्या हवाली केला आणि त्यांनी तो उभारला. दगड दोन प्रकारचा. भिंतीला केंटमधलाच करडा, ओबडधोबड रॅगस्टोन. कोपरे, खिडक्या आणि कमानी यांना नॉर्मंडीतल्या काँ इथून समुद्रमार्गे आणलेला फिकट पिवळसर दगड. हात लावला की फरक कळतो. करड्या दगडाला धार आहे, पिवळा मऊ लागतो. तो मऊ म्हणूनच त्यावर नागमोडी कोनांची नक्षी कोरता आली. दिवाणखान्याच्या कमानींवरची आणि शेकोट्यांच्या कोनाड्यांवरची ती नक्षी जवळजवळ ९०० वर्षांची आहे, तरी अजून ठसठशीत दिसते.

आत मजले नाहीत, छप्पर नाही. तळाशी उभे राहून मान वर केली की थेट आभाळ. चारी भिंतींत तुळयांची भोके रांगेने दिसतात, त्यावरून मजला कुठे होता ते कळते. जमिनीपासून दोन-तीन पुरुष उंचीवर भिंतीत अधांतरी शेकोटी दिसते, तिच्या वर आणखी एक. दुसऱ्या मजल्यावर दिवाणखाना होता. त्याच्या वरच्या अंगाने भिंतीच्या जाडीतून एक बोळ फिरवला आहे, त्यातून चालत सगळ्या बाजूंनी खाली पाहता येते. पण मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो मधल्या आडव्या भिंतीपाशी. ही भिंत सबंध बालेकिल्ल्याचे दोन भाग करते आणि तिच्या पोटातून विहिरीचा उभा पोकळ नळ तळापासून वरपर्यंत नेलेला आहे. प्रत्येक मजल्यावर त्याला तोंड ठेवले आहे. कुठल्याही मजल्यावरच्या माणसाने पोहरा सोडावा आणि पाणी ओढून घ्यावे. खालचा मजला पडला तरी वरचे लोक तहानेने मरणार नाहीत. भिंतीत विहीर घेण्याची ही कल्पना ज्या गवंड्याची, त्याचे नाव मात्र कुठल्याच कागदावर नाही, याची चुटपुट लागून राहिली.

त्या पाण्याची परीक्षा १२१५ साली झाली. जून महिन्यात जॉन राजाने सरदारांच्या दबावाखाली मॅग्ना कार्टा या हक्कांच्या सनदेवर शिक्कामोर्तब केले आणि काही महिन्यांतच दोन्ही बाजू लढाईला उभ्या राहिल्या. बंडखोर सरदारांपैकी विल्यम डॉबिनी माणसे घेऊन रॉचेस्टरच्या किल्ल्यात शिरला. १३ ऑक्टोबरला राजा स्वतः येऊन ठेपला. १४ ऑक्टोबरला त्याने कँटरबरीच्या कारभाऱ्यांना हुकूम धाडला की रात्रंदिवस काम करून होतील तितक्या कुदळी बनवा आणि इकडे पाठवा. पाच यंत्रांनी दगडांचा मारा चालू होता, पण बालेकिल्ला त्याला दाद देईना. मग कुदळी कामाला लागल्या. तेव्हा युरोपात तोफेची दारू नव्हती. भिंतीखाली भुयार खणायचे, वरचा भार लाकडी टेकूंवर तोलून धरायचा आणि शेवटी टेकूंना आग लावायची, म्हणजे भिंत आपल्याच वजनाने खाली बसते. सुरुंगाची मूळ रीत ही. आग मोठी हवी. त्यासाठी २५ नोव्हेंबर १२१५ रोजी राजाने आपले मुख्य कारभारी ह्यूबर्ट द बर्ग यांना लिहिले की ४० डुकरे तातडीने पाठवा, रात्रीचा दिवस करा. डुकरे खूप चरबीची असावीत आणि खाण्याला सर्वांत कमी उपयोगाची असावीत. बुरुजाखाली आग लावायची आहे.

या हुकुमात किती कारकुनी शहाणपण आहे पाहा. संख्या दिली आहे, प्रत कशी हवी ते दिले आहे, मुदत दिली आहे, कारणही दिले आहे. खाण्याजोगी डुकरे पाठवून सैन्याच्या शिधेला कात्री लागू नये, ही काळजीसुद्धा घेतली आहे. मी नोकरीत शेकडो मागणीपत्रे हाताळली, त्यांतली फार थोडी इतकी नेमकी होती.

चरबीने आग भडकली आणि बालेकिल्ल्याचा आग्नेयेचा सबंध कोपरा कोसळला. तरीही आतले लोक शरण आले नाहीत. ते मधल्या आडव्या भिंतीच्या पलीकडे सरकले आणि अर्ध्या बालेकिल्ल्यातून लढत राहिले. पाणी होते, अन्न नव्हते. घोडे मारून खाल्ले. लढायला निरुपयोगी झालेल्यांना त्यांनी बाहेर काढले, तर राजाने त्यांच्यातल्या काहींचे हातपाय तोडले. अखेर ३० नोव्हेंबरला उपासमारीने किल्ला पडला. राजाला सगळ्यांना फाशी द्यायची होती. सावारी द मोलेआँ या त्याच्याच सरदाराने त्याला अडवले की आज आपण यांना लटकवले तर उद्या ते आपल्यांना लटकवतील. फासावर गेला तो एकच तिरंदाज, लहानपणापासून राजाच्या पदरी वाढलेला. इतका जोराचा वेढा आणि इतका चिवट प्रतिकार आमच्या काळाने पाहिला नाही, यानंतर किल्ल्यांवर भरवसा ठेवणारे थोडेच उरले, असे बार्नवेलच्या बखरकाराने लिहिले आहे.

हे सगळे कळते ते एका साध्या पद्धतीमुळे. जॉनच्या कचेरीत बाहेर जाणाऱ्या मोहोरबंद पत्रांची नक्कल चर्मपत्रावर उतरवून ठेवत. तुकडे एकाला एक शिवत आणि त्यांची गुंडाळी करत. १२०४ पासूनच्या अशा गुंडाळ्या आहेत. आपली जावक नोंदवहीच ती. राजा वेढ्यात असो, छावणीत असो, कारकून नक्कल करत होता. या गुंडाळ्या लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांतला लॅटिन मजकूर १८३३ साली छापून प्रसिद्ध झाला, म्हणून आज शाळेतल्या मुलालाही डुकरांची संख्या ठाऊक असते. मी गेलो त्या दिवशी शाळेची सहल आली होती. बाई मुलांना घेऊन कोपऱ्याच्या बुरुजापाशी उभ्या होत्या आणि विचारत होत्या, या चार कोपऱ्यांत वेगळा कोणता? मुलांनी एका सुरात उत्तर दिले.

तीन कोपरे चौकोनी आहेत आणि आग्नेयेचा गोल आहे. पडलेला कोपरा तिसऱ्या हेन्रीच्या काळात पुन्हा बांधला तो गोल बांधला. तोवर गोल बुरुजांची चाल पडली होती. कुदळीला धरायला कोपराच सापडत नाही, आणि दगडांचा मारा वाकड्या अंगावरून निसटून जातो. मोडले कुठे आणि सांधले कुठे ते रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते. राजाने स्वतःच्याच देशातला किल्ला पाडला, ही गोष्ट कोणी झाकत नाही. येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगितली जाते, हुकुमाच्या तारखेसह.

पुढचा इतिहास थोडक्यात. १२६४ साली सायमन द माँटफर्टने पुन्हा वेढा घातला, पण राजाचे सैन्य येताच तो उठवावा लागला. पहिल्या जेम्स राजाने १६१० साली किल्ला खाजगी मालकाला देऊन टाकला. लाकूड, दगड विकले गेले. १८७० च्या सुमारास आवारात लोकांसाठी बाग झाली आणि १८८४ साली शहराच्या नगरपालिकेने किल्ला विकत घेतला. तेव्हापासून तो गावाचा आहे.

आता आपल्याकडे वळतो. आपल्याकडे कागद नाहीत, असे कोणी म्हटले की मला राहवत नाही. १६७१-७२ सालची महाराजांची यादी उपलब्ध आहे. गडांच्या बांधकामासाठी १ लाख ७५ हजार होन, म्हणजे तेव्हाची सोन्याची नाणी, खर्चायचे ठरले आणि त्यात एकट्या रायगडाला ५० हजार. गडागडाचा आकडा वेगळा मांडलेला आहे. हे अंदाजपत्रक आहे, संपादक महोदय, राज्याभिषेकाच्या आधीचे! रायगडावर राजसदरेसमोर उभ्या असलेल्या किती जणांना हे माहीत असते? पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. गडांवर हवालदार, सबनीस, कारखानीस असत आणि सबनीस-कारखानिसांचे कामच लिहिण्याचे होते. शिबंदीची हजेरी, कोठीतले धान्य, डागडुजीचा खर्च हे सगळे लिहिले जात होते. संशोधकांनी यांतले पुष्कळ छापलेही. पण ते ग्रंथालयाच्या कपाटात राहिले आणि गडावरच्या फलकावर मात्र तालुका, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि किल्ला कोणत्या साली कोणाकडे होता एवढेच आले. बाकीची जागा ऐकीव गोष्टींनी भरून काढली.

मोडी वाचणारे किती कमी उरले आहेत, हे २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा साऱ्या राज्याने पाहिले. कचेऱ्या जाणकारांच्या शोधात होत्या. आमच्यासारख्या निवृत्तांना घरी बोलावणी आली, तेव्हा मला बरेही वाटले आणि वाईटही. ज्या लिपीत आपले राज्य चालले ती वाचायला गावात एक माणूस सापडू नये?

माझे मागणे असे आहे. वारसा यादीतल्या किल्ल्यांवर जे नवे फलक लागतील, त्यांत निदान एका फलकावर त्या गडाच्या अस्सल कागदाचे छायाचित्र असावे. खाली देवनागरीत लिप्यंतर, तारीख, आणि तो कागद आज कोणत्या दप्तरात, कोणत्या रुमालात आहे त्याचा क्रमांक. फलकही योग्य जागी हवा. धान्याचा कागद अंबरखान्यापाशी, पाण्याचा टाक्यापाशी, दुरुस्तीचा त्या तटापाशी. आज जी डागडुजी चालू आहे तिचीही नोंद अशीच लावावी. कोणता भाग मूळचा, कोणता नवा, चुना कुठला वापरला, काम कोणत्या साली झाले, हे तिथेच लिहिलेले असावे. नवा दगड जुना असल्याचा आव आणू नये. पर्यटन वाढवायला कोटींचे आकडे जाहीर होतात. या कामाला त्यातला फार लहान हिस्सा लागेल. मोडी जाणणाऱ्या तरुणांना मानधन देऊन गडवार कागदांची सूची करायला लावली, तर त्यांच्या हाताला कामही मिळेल.

सरकारी पातळीवर हे होईल तेव्हा होवो. तोवर आपण आपल्या रविवारच्या अंकात थोडी जागा द्यावी, अशी विनंती आहे. दर आठवड्याला एका गडाचा एक मोडी कागद, शेजारी लिप्यंतर आणि कागदात जिचा उल्लेख आहे त्या जागेचे आजचे छायाचित्र. लिप्यंतराचे काम मी मोबदला न घेता करीन. वाई, सातारा आणि पुण्यात मोडी वाचणारी माझ्या ओळखीची आणखीही मंडळी आहेत, तीही आनंदाने हातभार लावतील. सुरुवात रायगडाच्या ५० हजार होनांपासून करावी असे मला वाटते. आपला होकार आला की पहिल्या तीन आठवड्यांचा मजकूर लगेच पाठवतो.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त अभिलेखपाल
वाई, जि. सातारा